कुलाबा-अलिबागच्या भूचुंबकीय नोंदी आणि पृच्छेचा इतिहास : हस्तलिखित तक्त्यांपासून एस.क्यू.एल.द्वारे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवांपर्यंत

प्रस्तावना

रायगडच्या किनारपट्टीवरील अलिबाग हे शहर कुलाबा किल्ला आणि सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमारी पराक्रमासाठी सर्वपरिचित आहे. याच शहरात १९०४ पासून एक चुंबकीय वेधशाळा कार्यरत आहे, ही गोष्ट मात्र त्या मानाने कमी लोकांना ठाऊक असते. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात क्षणोक्षणी होणारे बदल येथे नोंदविले जातात. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून जपलेल्या नोंदींची परंपरा अलिबागने पुढे चालविली. या दोन ठिकाणांच्या नोंदी एकत्र धरल्यास दीडशेहून अधिक वर्षांची माहिती हाती येते. जगात इतकी दीर्घ भूचुंबकीय परंपरा मोजक्याच ठिकाणी आढळते.

नोंदी साठविणे आणि नोंदींना प्रश्न विचारणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामाची साधने गेल्या शतकात झपाट्याने बदलली. पट्टी आणि पेन्सिल घेऊन तक्ते चाळणाऱ्या गणकाची जागा संगणकाने घेतली. १९७० च्या दशकात पृच्छेची स्वतंत्र भाषा निर्माण झाली आणि अलीकडे त्याच भाषेतून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवा बोलाविता येऊ लागल्या. प्रस्तुत निबंधात या बदलांचा विचार कुलाबा-अलिबागच्या नोंदींच्या आधारे केला आहे. त्याची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत.

१) कुलाबा व अलिबाग येथील नोंदींची शिस्त कशी घडली, याचा आढावा घेणे.
२) एस.क्यू.एल. या पृच्छाभाषेचे स्वरूप व मर्यादा या नोंदींच्या उदाहरणातून स्पष्ट करणे.
३) पृच्छेतून कृत्रिम बुद्धिमत्तेची सेवा घेताना कोणती दक्षता आवश्यक आहे, हे इतिहासाच्या आधारे तपासणे.

कुलाब्याची वेधशाळा

मुंबईतील कुलाबा येथे ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये वेधशाळा स्थापन केली. नौकानयनासाठी अचूक वेळ ठरविणे ही त्या काळाची निकड होती. १८४१ मध्ये एल्फिन्स्टन महाविद्यालयातील प्राध्यापक आर्थर बेडफोर्ड ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली तेथे चुंबकीय व हवामानविषयक निरीक्षणे सुरू झाली. जर्मनीत गाऊस आणि हम्बोल्ट यांच्या प्रेरणेने जगभर एकाच वेळी चुंबकीय निरीक्षणे घेण्याची चळवळ त्याच सुमारास उभी राहिली होती. कुलाब्याचे काम या व्यापक प्रयत्नाशी सुसंगत होते.

प्रारंभी निरीक्षक टांगलेल्या चुंबकाचे विचलन दुर्बिणीतून पाहत आणि ते हाताने नोंदवहीत लिहीत. १८७२ पासून छायाचित्रण पद्धतीची स्वयंनोंदणी सुरू झाली. चुंबकावर बसविलेल्या आरशावरून परावर्तित झालेला प्रकाशबिंदू संवेदनशील कागदावर रेषा उमटवी. त्या रेषेची उंची मोजून तासातासाची मूल्ये काढण्याचे काम मात्र माणसांनाच करावे लागे. म्हणजे छापील तक्त्यातील प्रत्येक अंकामागे उपकरण, त्याची आधाररेषा, तापमानाची दुरुस्ती आणि मोजणाऱ्याचा निर्णय अशा चार गोष्टी होत्या. तक्त्याच्या समासात लिहिलेले शेरे म्हणूनच अंकांइतके महत्त्वाचे ठरतात.

कुलाब्याहून अलिबागला

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्रामगाड्या आणण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहामुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र वेधशाळेच्या संवेदनशील उपकरणांना बाधक ठरणार होते. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी १८९६ मध्ये सूत्रे हाती घेतली होती. नव्या जागेचा शोध त्यांच्याच कारकिर्दीत झाला आणि मुंबईच्या दक्षिणेस सुमारे तीस किलोमीटर अंतरावरील अलिबागची निवड करण्यात आली. अंतर फार नसल्यामुळे दोन्ही ठिकाणचे चुंबकीय बदल बहुतांशी सारखे राहणार होते, आणि शहराच्या विजेपासून ही जागा दूर होती.

बांधकामातही मोठी काळजी घेण्यात आली. कोकणातील काळा बेसॉल्ट खडक स्वतः चुंबकीय गुणधर्माचा असल्याने तो वेधशाळेच्या इमारतीस चालण्याजोगा नव्हता. म्हणून पोरबंदरचा वालुकाश्म तपासून वापरण्यात आला आणि लोखंड टाळण्यात आले.

या स्थलांतरातील सर्वांत मोलाचा निर्णय मात्र बांधकामाचा नव्हता. अलिबागची उपकरणे १९०४ मध्ये सुरू झाल्यावर कुलाब्याची उपकरणे लगेच बंद करण्यात आली नाहीत. १९०६ पर्यंत सुमारे दोन वर्षे दोन्ही वेधशाळा समांतर चालविल्या गेल्या. एकाच वेळी दोन्ही ठिकाणी कोणते मूल्य मिळते, त्यांत किती फरक पडतो आणि तो फरक स्थिर आहे की नाही, हे ताडून पाहता आले. त्यामुळे जुनी मालिका खंडित न होता नव्या मालिकेशी जोडली गेली. मूस यांनी १९१० मध्ये १८४६ ते १९०५ या कालखंडातील निरीक्षणे त्यांच्या चर्चेसह दोन खंडांत प्रकाशित केली आणि हा ठेवा जगापुढे आला.

पुढे १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त संस्था म्हणून स्थापन झाली आणि अलिबागची वेधशाळा तिच्या अखत्यारीत आली. संस्थेचे मुख्यालय आज रायगड जिल्ह्यातच, नवीन पनवेलजवळ कळंबोली येथे आहे. अलिबागच्या नोंदी ‘एबीजी’ या सांकेतिक नावाने इंटरमॅग्नेट या आंतरराष्ट्रीय जाळ्यात समाविष्ट आहेत.

एस.क्यू.एल. : काय हवे ते सांगणारी भाषा

नोंदी संगणकात आल्या की त्यांतून हवी ती माहिती काढण्यासाठी सुरुवातीला प्रत्येक वेळी स्वतंत्र आज्ञावली लिहावी लागे. माहिती कोठे ठेवली आहे आणि तिच्यापर्यंत कोणत्या वाटेने जायचे, हे आज्ञावलीकाराने सांगणे भाग होते. १९७० मध्ये आय.बी.एम.च्या सॅन होजे प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी माहिती परस्परसंबंधित सारण्यांच्या रूपात मांडण्याची संकल्पना प्रसिद्ध केली. तिच्या आधारे डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ‘सिक्वेल’ ही भाषा मांडली. हे नाव दुसऱ्या कंपनीचे व्यापारचिन्ह असल्याने ते पुढे ‘एस.क्यू.एल.’ असे करण्यात आले. १९८६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने आणि १९८७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने या भाषेला मान्यता दिली.

या भाषेचे वैशिष्ट्य असे की, तिच्यात काय हवे तेवढेच सांगायचे असते. ते कसे शोधायचे हे संगणकप्रणाली ठरविते. ‘सिलेक्ट’ या शब्दाने कोणते स्तंभ हवेत ते सांगितले जाते, ‘फ्रॉम’ने सारणी, ‘व्हेअर’ने अट आणि ‘ग्रुप बाय’ने गट पाडण्याची रीत. उदाहरणार्थ, अलिबागच्या क्षैतिज घटकाची एका दिवसातील तासवार सरासरी हवी असल्यास चार-पाच ओळींची पृच्छा पुरेशी होते. पूर्वी हेच काम गणकाला पट्टी घेऊन छायाचित्रित रेषेवर करावे लागत असे.

या भाषेचा दुसरा गुण इतिहासाच्या अभ्यासकाला अधिक महत्त्वाचा वाटेल. पृच्छा ही लिखित असते. ती जपून ठेवता येते, दुसऱ्याला दाखविता येते आणि त्याच सारणीवर पुन्हा चालविता येते. उत्तरावर शंका आल्यास प्रश्न नेमका काय होता, हे तपासण्याची सोय त्यामुळे राहते.

एक वादळ, दोन उत्तरे

प्रश्नाच्या शब्दांवर उत्तर किती अवलंबून असते, याचे उत्तम उदाहरण कुलाब्याच्याच नोंदींत सापडते. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर तीव्र प्रकाशाचा स्फोट पाहिला. त्यानंतर काही तासांतच पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले. कुलाब्याच्या निरीक्षकांनी वादळाच्या काळात नेहमीपेक्षा कितीतरी कमी अंतराने, काही वेळा तर पाच-पाच मिनिटांनी, नोंदी घेतल्या. या हस्तलिखित नोंदींच्या आधारे सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना आणि अलेक्स यांनी २००३ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. कुलाब्यात क्षैतिज घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घटल्याचे त्यांनी दाखविले.

२००६ मध्ये सिस्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच नोंदींची तासवार सरासरी घेऊन वादळाची तीव्रता सुमारे ८५० नॅनोटेस्ला ठरविली. २०२२ मध्ये हयाकावा व सहकाऱ्यांनी मूळ नोंदींचा फेरविचार केला आणि तासवार अंदाज सुमारे ९५० नॅनोटेस्लाच्या आसपास मांडला. पहिल्या दोन आकड्यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. तरीही यांपैकी एकही गट चुकीचे मोजत नव्हता. पृच्छेच्या भाषेत सांगायचे तर, पहिल्याने ‘लघुतम मूल्य’ विचारले आणि इतरांनी ‘तासाची सरासरी’ विचारली. वादळाचा तळ अल्पकाळ टिकला असल्याने सरासरीत तो झाकला गेला.

हा फरक केवळ विद्वानांच्या चर्चेपुरता नाही. १३ मार्च १९८९ रोजी आलेल्या वादळाची तासवार तीव्रता ५८९ नॅनोटेस्ला होती. त्या वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजव्यवस्था कोलमडली आणि सुमारे साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. वीजवाहिन्या व उपग्रह यांनी किती मोठ्या वादळाला तोंड द्यावे, हे ठरविताना १८५९ च्या घटनेचा आधार घेतला जातो. अशा वेळी कोणी १,६०० या क्षणिक आकड्याची तुलना ५८९ या तासवार आकड्याशी केली, तर ती तुलना मुळातच सदोष होईल. आकडे दोन्ही खरे असतील, परंतु त्यांमागील प्रश्न वेगळे आहेत.

वेळ, रिकामी जागा आणि नाव

जुन्या नोंदी सारणीत आणताना तीन ठिकाणी विशेष सावधगिरी लागते.

पहिली बाब वेळेची. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या वेळेपेक्षा सुमारे ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. १९०६ मध्ये साडेपाच तासांच्या फरकाची भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबई शहरात स्थानिक वेळेचा वापर १९५५ पर्यंत चालू राहिला. आजच्या वेधशाळांच्या नोंदी जागतिक वेळेनुसार ठेवल्या जातात. स्थानिक वेळेचा ‘एक तास’ जागतिक वेळेत ९ मिनिटे उशिरा सुरू होतो. म्हणून वेळेचा स्तंभ कोणत्या घड्याळाचा आहे हे न लिहिता तासवार गट पाडले, तर सरासऱ्याच बदलतात.

दुसरी बाब रिकाम्या जागेची. आंतरराष्ट्रीय विनिमयासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रमाण नमुन्यात नोंद उपलब्ध नसल्यास ९९९९९ हा अंक लिहिण्याचा संकेत आहे. सारणीत भरताना त्याचे रूपांतर ‘नल’ म्हणजे ‘मूल्य नाही’ असे केले, तर सरासरी काढताना संगणक ती ओळ वगळतो. हे रूपांतर राहून गेल्यास काय होईल? अलिबागचा क्षैतिज घटक ढोबळमानाने ३८,००० नॅनोटेस्ला धरू. तासातील साठ मिनिटांपैकी एकाच मिनिटाची नोंद नसेल आणि तेथे ९९९९९ राहिला असेल, तर त्या तासाची सरासरी सुमारे १,०३३ नॅनोटेस्लाने वाढते. म्हणजे केवळ एका रिकाम्या मिनिटामुळे, कॅरिंग्टनच्या वादळाच्या तासवार घटीहूनही मोठी अशी, न घडलेली घटना तक्त्यात उमटते.

तिसरी बाब नावाची, आणि ती खास रायगडची आहे. ‘कुलाबा’ हे नाव मुंबईच्या दक्षिण टोकाचे आहे, अलिबागच्या समुद्रातील किल्ल्याचे आहे आणि १९८१ पर्यंत आजच्या रायगड जिल्ह्याचेही तेच नाव होते. ‘कुलाबा वेधशाळा’ मुंबईची. ‘कुलाबा जिल्ह्यातील वेधशाळा’ मात्र अलिबागची. माणसाला हा भेद संदर्भाने कळतो. सारणीत तो स्थानकाच्या स्वतंत्र संकेताने दाखविला नसेल, तर दोन ठिकाणांच्या मालिका नकळत एकत्र होण्याचा धोका राहतो.

पृच्छेतून कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सेवा

२०१० च्या दशकात मोठ्या माहितीसंग्रहांच्या सेवा देणाऱ्या कंपन्यांनी एस.क्यू.एल.ची कक्षा वाढविली. २०१८ मध्ये गूगलने आपल्या बिगक्वेरी या सेवेत पृच्छेतूनच प्रतिरूप घडविण्याची सोय जाहीर केली. ‘क्रिएट मॉडेल’ असे विधान लिहून सारणीतील नोंदींवरून भाकीत करणारे प्रतिरूप तयार करता येऊ लागले. पुढे स्नोफ्लेक, डेटाब्रिक्स, ओरॅकल आदी कंपन्यांच्या प्रणालींतही कृत्रिम बुद्धिमत्तेशी निगडित सोयी आल्या. ओरॅकलने २०२४ मध्ये अर्थसाधर्म्यावरून शोध घेण्याची क्षमता आपल्या डेटाबेसमध्ये आणली.

या व्यवस्थेचे कार्य साधारणपणे असे चालते. भाषाप्रतिरूप दूरच्या संगणकावर असते. डेटाबेसमध्ये त्याच्याशी जोडणी नोंदवून त्याला एक नाव दिले जाते. नंतर ‘सिलेक्ट’ विधानात एखादे फलन लिहावे तसे ते वापरता येते आणि सारणीच्या प्रत्येक ओळीसाठी उत्तराचा नवा स्तंभ मिळतो. जुन्या नोंदवह्यांच्या समासातील शेऱ्यांचे वर्गीकरण करावयाचे झाल्यास ही पद्धत उपयोगी पडू शकेल. ‘उपकरण दुरुस्त केले’, ‘दिवा विझला’, ‘मोठी अस्वस्थता’ अशा आशयाचे शेरे वेगवेगळ्या गटांत टाकण्याचे काम त्यातून होईल.

सेवेचे व्यवस्थापनही त्याच भाषेतून करता येते. प्रतिरूप वापरण्याची मुभा कोणाला, हे अधिकार देण्याच्या व काढून घेण्याच्या विधानांनी ठरते. खर्चावर नियंत्रण ठेवण्यासाठी ‘व्हेअर’ची अट निर्णायक असते. मिनिटागणिक नोंद धरल्यास एका वर्षाच्या ५,२५,६०० ओळी होतात. प्रत्येक ओळ प्रतिरूपाकडे पाठविली तर तितक्या वेळा सेवेचे शुल्क पडू शकते. आधी साध्या अटीने वादळी दिवस निवडून मगच प्रतिरूपाला विचारणे शहाणपणाचे ठरते.

येथे एक मूलभूत फरक ध्यानात घ्यावा लागतो. त्याच सारणीवर त्याच पृच्छेने विचारलेली तासवार सरासरी आज आणि उद्या सारखीच येते. भाषाप्रतिरूपाचे उत्तर तसे येईलच असे नाही. प्रतिरूपाची आवृत्ती बदलली, सूचनेतील शब्द बदलले किंवा काहीही न बदलताही उत्तर निराळे येऊ शकते. शिवाय ते उत्तर इतर स्तंभांशेजारी त्याच रूपात दिसते. मोजलेले मूल्य कोणते आणि अनुमानित मूल्य कोणते, हे सारणी स्वतःहून सांगत नाही.

मराठीत प्रश्न विचारावा आणि प्रतिरूपाने त्याची एस.क्यू.एल. पृच्छा लिहून द्यावी, ही सोयही आता उपलब्ध आहे. ‘कुलाब्यातील सर्वांत मोठे वादळ कोणते?’ असे विचारल्यास प्रतिरूपाला लघुतम मूल्य घ्यावे की तासाची सरासरी, आणि कुलाबा म्हणजे मुंबई की अलिबाग, या दोन्ही गोष्टी परस्पर ठरवाव्या लागतात. वर पाहिल्याप्रमाणे याच निवडींवर उत्तर अवलंबून आहे. सुदैवाने मधली पृच्छा लिखित असते. ती वाचून घेतली तर प्रतिरूपाने केलेली निवड उघड होते; ती न वाचता केवळ उत्तर स्वीकारले तर निवड कायमची झाकली जाते.

समांतर नोंदीचा धडा

नव्या साधनाचा स्वीकार कसा करावा, याचे मार्गदर्शन १९०४ ते १९०६ या दोन वर्षांत मिळते. त्या वेळी नवी वेधशाळा चांगल्या जागी, काळजीपूर्वक बांधलेली होती. तरीही तिच्या मूल्यांवर एकदम भिस्त ठेवली गेली नाही. जुन्या उपकरणांशी त्यांची तुलना झाली, फरक मोजला गेला आणि मगच जुने बंद झाले. कृत्रिम बुद्धिमत्तेची सेवा हेही एक नवे उपकरण आहे. काही काळ शेऱ्यांचे वर्गीकरण जाणकार व्यक्तीने आणि प्रतिरूपाने स्वतंत्रपणे करावे आणि दोन्ही स्तंभ शेजारी ठेवावेत. मग दोहोंत कोठे मतभेद आहे, हे शोधणारी पृच्छा एका ओळीच्या अटीत लिहिता येते. प्रतिरूपाचे नाव, आवृत्ती, दिनांक आणि त्याला दिलेली सूचना यांचे स्तंभही सारणीत असावेत. वेधशाळेने आधाररेषेची नोंद ज्या कारणासाठी ठेवली, त्याच कारणासाठी हे आवश्यक आहे.

निष्कर्ष

१) कुलाबा-अलिबागच्या नोंदींचे मूल्य त्यांच्या दीर्घतेइतकेच त्यांमागील शिस्तीत आहे. आधाररेषा, शेरे आणि समांतर निरीक्षणे यांमुळेच दीडशे वर्षांपूर्वीच्या अंकांना आजही नवे प्रश्न विचारता येतात.

२) एस.क्यू.एल.ने प्रश्न विचारणे सुलभ केले. परंतु प्रश्न नेमका ठरविण्याची जबाबदारी विचारणाऱ्याकडेच राहिली. १८५९ च्या वादळाविषयीचे भिन्न आकडे याची साक्ष देतात.

३) पृच्छेतून कृत्रिम बुद्धिमत्तेची सेवा घेताना लिखित पृच्छा हा तपासणीचा मुख्य आधार ठरतो. म्हणून उत्तराबरोबर पृच्छाही जतन करणे आवश्यक आहे.

४) मोजलेली आणि अनुमानित मूल्ये वेगळ्या स्तंभांत ठेवावीत, आणि नव्या साधनावर विसंबण्यापूर्वी जुन्या साधनाशी त्याची समांतर तुलना करावी.

१८५९ च्या सप्टेंबरमध्ये कुलाब्याच्या निरीक्षकांना आपल्या नोंदी पुढे कोण, कोणत्या भाषेत वाचेल याची कल्पना नव्हती. त्यांनी वेळ आणि मूल्य लिहून ठेवले, आणि सुमारे दीड शतकानंतर त्या नोंदींतून एका महावादळाचे माप निघाले. आजच्या सारण्यांमध्येही कोणता अंक उपकरणाचा आणि कोणता प्रतिरूपाचा हे स्पष्ट लिहिलेले असेल, तरच पुढील पिढ्यांना त्यांचा तसा उपयोग होईल.